देहाच्या रखवालदारांचा शोध

पायात काटा रुतून तसाच राहिला, तर दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते व ठणकू लागते. पुढे तेथे पू धरतो. या विकाराला वैद्यकात दाह म्हणतात. दाह मनुष्याला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. परंतु तो कशासाठी होतो, याचे समाधानकारक उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणालाच देता आले नव्हते. दाह हा शरीराचा शत्रू होय, असेच बहुतेक वैद्य मानीत. तो वस्तुतः शरीराचा स्वसंरक्षणाचा प्रयत्न आहे, हे ज्यांनी जगाला दाखवून दिले, ते शास्त्रज्ञ म्हणजे एली मेचनिकॉफ.

मेचनिकॉफ यांचा जन्म मे १८४५ मध्ये खार्कोव्ह प्रांतातील एका खेड्यात झाला. हा प्रदेश त्या वेळी रशियन साम्राज्यात मोडत असे. आज तो युक्रेनमध्ये आहे. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. वनस्पती, किडे व प्राणी यांचे त्यांना लहानपणापासून विलक्षण वेड होते. खार्कोव्हच्या विद्यापीठातील चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी अवघ्या दोन वर्षांत पुरा केला. पुढे जर्मनी व इटली या देशांत जाऊन त्यांनी समुद्रातील क्षुद्र जीवांचा अभ्यास केला आणि तरुण वयातच ते ओडेसा येथे प्राध्यापक झाले. परंतु दैवाने त्यांची कठोर परीक्षा पाहिली. त्यांची पहिली पत्नी ल्युडमिला ही क्षयाने आजारी होती. तिच्या शुश्रूषेसाठी त्यांनी अहोरात्र कष्ट घेतले. तथापि १८७३ मध्ये ती मरण पावली. या आघाताने ते काही काळ पार खचून गेले. अखेर कामानेच त्यांना सावरले. १८७५ मध्ये त्यांनी ओल्गा हिच्याशी विवाह केला व तिने जन्मभर त्यांच्या संशोधनास साथ दिली.

पुढे विद्यापीठातील राजकीय तंट्यांना कंटाळून त्यांनी १८८२ मध्ये राजीनामा दिला व ते सहकुटुंब सिसिली बेटावरील मेसिना या गावी जाऊन राहिले. तेथे एके दिवशी घरची सर्व मंडळी सर्कस पाहावयास गेली होती. मेचनिकॉफ एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसून ताऱ्यामाशाची पिले न्याहाळीत होते. ही पिले काचेसारखी पारदर्शक असतात. त्यामुळे त्यांच्या अंगातील फिरत्या पेशी स्पष्ट दिसत. या पेशी अन्नाचे कण गिळतात, हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या मनात एकाएकी विचार आला, की ज्या पेशी अन्न गिळतात, त्या बाहेरून शिरलेल्या घातक वस्तूवरही तुटून पडत असतील काय? त्यांनी बागेतील गुलाबाचे काटे आणून त्या पिलांच्या अंगात टोचले. ती रात्र त्यांनी अस्वस्थतेत काढली. पहाटेच उठून पाहतात, तो प्रत्येक काट्याभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातलेला! या पेशींना पुढे भक्षक पेशी असे नाव मिळाले.

हा तर्क रोगाच्या बाबतीतही खरा ठरतो, हे त्यांनी पाणपिसू नावाच्या इवल्याशा जलचरावर प्रयोग करून १८८४ मध्ये दाखविले. एका बुरशीचे सुईसारखे बीजकण या प्राण्याच्या आतड्यातून अंगात शिरतात. भक्षक पेशींनी ते खाऊन टाकले, तर प्राणी जगतो. बुरशीची सरशी झाली, तर तो मरतो. मनुष्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशीही हेच कार्य करतात, असे मेचनिकॉफ यांनी प्रतिपादन केले. त्या पेशींतील आकाराने मोठ्या असणाऱ्यांना त्यांनी महाभक्षक पेशी असे नाव दिले.

ही गोष्ट त्या काळच्या विद्वानांना सहजासहजी पटली नाही. पांढऱ्या पेशी जंतूंना मारीत नसून उलट त्यांना शरीरभर पसरवितात, असे पुष्कळांचे मत होते. जर्मनीतील अनेक शास्त्रज्ञ रोगप्रतिकाराचे सारे श्रेय रक्तातील द्रवाला देत. मेचनिकॉफ यांनी माघार घेतली नाही. १८८८ मध्ये लुई पाश्चर यांनी त्यांना पॅरिसच्या आपल्या संस्थेत आश्रय दिला आणि तेथे त्यांनी प्रयोगामागून प्रयोग करून प्रत्येक आक्षेपास उत्तर दिले. दाहावरील त्यांची व्याख्याने १८९२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पेशी आणि रक्तद्रव ही दोन्ही शरीराचे रक्षण करतात, हे पुढे सर्वमान्य झाले. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ व त्यांच्या विरोधी पक्षाचे पॉल एर्लिख या दोघांना विभागून मिळाले, हे मोठे अर्थपूर्ण होते. मुंबईत १८९७ मध्ये स्वतःच्या अंगावर प्लेगची लस टोचून घेणारे व्हाल्डेमार हाफकिन हे ओडेसा येथील मेचनिकॉफ यांचेच शिष्य. त्यांचे नाव धारण करणारी संस्था परळ येथे आहे.

उतारवयात मेचनिकॉफ यांचे लक्ष वार्धक्याकडे वळले. आतड्यात अन्न कुजून विषे निर्माण होतात व त्यामुळे शरीर अकाली झिजते, अशी त्यांची कल्पना होती. म्हणून ते नित्य विरजलेले दूध घेत. रक्षण करणाऱ्या भक्षक पेशीच वार्धक्यात शरीराच्या नाजूक भागांवर उलटतात, असाही त्यांना संशय होता. मांसाहारातील प्रथिनांमुळे म्हातारपण लवकर येते, हा त्यांचा विचार पडताळून पाहण्यासाठी रशियातील इग्नातोव्स्की या वैद्याने सशांना मांस, अंडी व दूध चारले. तेव्हा सशांच्या रोहिण्या आतून बिघडलेल्या आढळल्या. पण दोष प्रथिनांचा नव्हता. अनिच्कोव्ह व खालातोव्ह या तरुण संशोधकांनी १९१३ मध्ये सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून दिले. रोहिण्या तशाच बिघडल्या. नुसते तेल दिलेले ससे मात्र निरोगी राहिले. बिघडलेल्या जागी चरबीच्या थेंबांनी फुगलेल्या, फेसाळ दिसणाऱ्या पेशी होत्या. त्या बहुतांशी मेचनिकॉफ यांच्या महाभक्षक पेशीच होत, हे आता निश्चित झाले आहे.

रक्तातील कोलेस्टेरॉल वाढले, की ते रोहिणीच्या भिंतीत शिरते. महाभक्षक पेशी ते जंतूप्रमाणेच गिळू लागतात. परंतु जंतू मारून पचविता येतो, तसे कोलेस्टेरॉल त्यांना पचविता येत नाही. त्या फुगून तेथेच अडकतात, धोक्याची सूचना देत राहतात आणि नव्या पेशींना बोलावतात. असा मंद दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो व त्यातून हृदयविकार उद्भवतो. मनुष्याच्या बाबतीत लोणी, तूप यांसारख्या गोठणाऱ्या स्निग्ध पदार्थांच्या अतिरेकाने रक्तातील हे कोलेस्टेरॉल वाढते. याउलट तारली, बांगडा अशा तेलकट माशांतील काही स्निग्धांशांपासून आपले शरीर दाह शमविणारी द्रव्ये तयार करते. जवस व अक्रोड यांतूनही त्याच जातीचा स्निग्धांश मिळतो. म्हणजे आपण जे खातो, त्याचा परिणाम आपल्या रखवालदारांच्या वर्तनावरही होत असतो.

हे सारे ज्ञान पाहावयास मेचनिकॉफ राहिले नाहीत. शेवटची काही वर्षे त्यांना हृदयविकाराने पीडिले होते. आपल्या आजाराच्या खुणाही ते शास्त्रज्ञाच्या अलिप्तपणे टिपून ठेवीत. जुलै १९१६ मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा पाश्चर संस्थेत जतन केलेली आहे.

मेचनिकॉफ यांचा एक तर्क जगाने आधी नाकारला व मागाहून स्वीकारला. दुसरा इतरांनी तपासला, तेव्हा तो चुकीचा ठरला. पण त्या तपासणीतूनच एका मोठ्या सत्याची वाट सापडली. आपले मत प्रयोगाच्या कसोटीस उतरेल अशा स्पष्ट रूपात मांडणे, हीच खऱ्या शास्त्रज्ञाची वृत्ती होय. म्हणूनच त्यांच्या यशाइतकीच त्यांची चूकही मानवजातीच्या उपयोगी पडली.