प्रकाशाचे गणित मांडणारा कलावंत : अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स

कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यावा, या प्रश्नाला शास्त्राची शिस्त देणाऱ्या छायाचित्रकारांमध्ये अमेरिकेचे अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्यांचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. पियानोवादक होण्याच्या इच्छेने त्यांनी अनेक वर्षे संगीतसाधना केली. मात्र १९१६ साली कुटुंबासह योसेमिटी खोऱ्यात गेले असताना कोडॅकचा साधा ब्राउनी कॅमेरा त्यांच्या हाती आला आणि आयुष्याला निराळी दिशा मिळाली.

१० एप्रिल १९२७ रोजी योसेमिटीतील हाफ डोम या प्रचंड कड्यासमोर ते उभे होते, तेव्हा जवळ केवळ दोन काचपट्ट्या उरल्या होत्या. पहिली त्यांनी पिवळा फिल्टर लावून वापरली. त्यात आकाश फिकट उमटेल, हे लगेच ध्यानात येताच अखेरच्या पट्टीसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर निवडला. हा फिल्टर बराच प्रकाश अडवतो; त्यामुळे शटर अधिक काळ उघडे ठेवावे लागले. आकाश जवळजवळ काळे उमटले आणि कडा त्यावर उठून दिसला.

१९४०च्या सुमारास त्यांनी फ्रेड आर्चर यांच्यासह ‘झोन सिस्टीम’ ही पद्धत विकसित केली. प्रकाशमापक समोरच्या प्रत्येक वस्तूला मध्यम करडी मानून आकडा देतो. त्यामुळे तो बर्फावर रोखल्यास बर्फ करडे उमटते, तर काळ्या खडकावर रोखल्यास खडक फिकट पडतो. अ‍ॅडम्स यांनी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा शून्य ते दहा अशा पायऱ्यांत विभागल्या. प्रत्येक पायरीवर प्रकाश दुप्पट होतो. छिद्र एका टप्प्याने मोठे केल्यास किंवा शटर दुप्पट वेळ उघडे ठेवल्यासही तेच साधते. कोणती वस्तू कोणत्या पायरीवर उमटावी, हे छायाचित्रकाराने आधीच ठरवायचे.

या अभ्यासाची कसोटी १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावाजवळ लागली. गावावर चंद्र उगवला होता आणि स्मशानभूमीतील क्रुसांवर मावळतीची किरणे पडली होती. घाईत प्रकाशमापक सापडेना. चंद्राची दीप्ती प्रति चौरस फूट २५० कँडल असते, हे त्यांना ठाऊक होते. त्यावरून मनातच हिशेब करून त्यांनी छिद्र एफ ३२ वर ठेवले आणि एक सेकंदाचे एक्स्पोजर दिले. दुसरे चित्र घेण्यापूर्वीच क्रुसांवरील ऊन सरले. त्यांनी या चित्राची तारीख नोंदवून ठेवली नव्हती. चंद्राच्या स्थानावरून खगोल अभ्यासकांनी ती पुढे निश्चित केली.

निगेटिव्हमध्ये गावाचा भाग अतिशय पुसट आला होता. तो उठावदार करण्यासाठी अ‍ॅडम्स यांनी पुढे अनेक वर्षे डार्करूममध्ये परिश्रम घेतले. कॅमेरा, निगेटिव्ह आणि प्रिंट या विषयांवरील त्यांचे तीन ग्रंथ छायाचित्रणाच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शक ठरले. २२ एप्रिल १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. योसेमिटी परिसरातील एका शिखराला १९८५ साली त्यांचे नाव देण्यात आले.