मातीतले सफाई कामगार शोधणारे बायरिंक

मार्टिनस बायरिंक यांचा जन्म १८५१ साली ॲमस्टरडॅमला झाला. वडिलांचा तंबाखूचा व्यापार बुडाला, घरी ओढाताण. पुढे ते डेल्फ्टला प्राध्यापक झाले. स्वभाव कडक, विद्यार्थी त्यांना फार घाबरत (आमच्यापेक्षाही जास्त!).

त्यांची युक्ती साधी होती. चिमूटभर माती क्षारांच्या पाण्यात घालायची आणि खायला एकच पदार्थ द्यायचा. तो ज्या जीवाणूंना पचतो तेच वाढतात, बाकीचे उपाशी राहतात. आता खाद्य म्हणून कारखान्याच्या सांडपाण्यातले विषारी फिनॉल थोडेसे द्या. मातीतले काही स्यूडोमोनस जीवाणू त्याचे सहा कार्बनचे कडे तोडतात, त्यावरच जगतात. उरतो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. बायरिंक १९३१ साली वारले. दूषित जमिनीतले असे जीवाणू आजही याच रीतीने शोधतात.