दोन डोळे, बारा हात आणि एक कवी



ऑगस्टचा दुसरा रविवार आपण तुरुंगसेवा रविवार म्हणून पाळतो. त्यानिमित्त यंदा एखाद्या संताऐवजी एका कवीविषयी लिहीत आहे.

ग. दि. माडगूळकर म्हणजे गदिमा. ‘गीतरामायणा’मुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून त्यांची ५६ गीते प्रसारित झाली. चाली सुधीर फडके यांच्या होत्या.

गदिमांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी सांगली जिल्ह्यातील शेटफळे येथे झाला. घरची गरिबी. औंध संस्थानात शिकत असता मॅट्रिकला गणिताने दगा दिला. पोटासाठी ते कोल्हापूरला चित्रपटात आले. ‘रामजोशी’ (१९४७) पासून कथा, पटकथा आणि गीते या तिन्हींत त्यांचा हात चालू लागला.

याच औंध संस्थानात, आटपाडीजवळ, १९३९ साली राजेसाहेबांनी एक धाडस केले. पोलंडचे अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने कैद्यांना माळरानावर वसवले. भिंत नाही, बेड्या नाहीत, फक्त शेती. वसाहतीचे नाव स्वतंत्रपूर. गदिमांच्या गावापासून हे दूर नव्हते.

त्यावरूनच त्यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) ची कथा लिहिली. एक जेलर सहा खुन्यांना ओसाड जमिनीवर घेऊन जातो. त्याचे दोन डोळे आणि त्यांचे बारा हात, एवढेच भांडवल. माणूस आधी सुधारावा आणि मग त्याच्यावर विश्वास ठेवावा, असा आपला हिशेब असतो. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतही तो पुष्कळदा तसाच मांडलेला दिसतो. गदिमांचा जेलर आधी विश्वास टाकतो. मला हे शुभवर्तमानाच्या फार जवळचे वाटते. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाशेजारी बाकावर बसताना आपण मात्र अजून थोडे सरकून बसतो.

चित्रपटातील सुप्रसिद्ध प्रार्थना गदिमांची नव्हे, भरत व्यासांची. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनीच जेलरची भूमिका केली. १९५८ साली बर्लिन महोत्सवात चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले आणि आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचा पुरस्कारही. हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

गदिमांना १९६९ साली पद्मश्री मिळाली. १९७३ च्या यवतमाळ साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर सभागृहात हा चित्रपट दाखवणार आहोत. मुलांना जरूर आणावे. शेवटी जेलर मरतो, हे त्यांना आधी सांगून ठेवावे.

आपला,
धर्मगुरू