खोतीचे बिल आणि बाबासाहेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की राज्यघटनेचे पुस्तक हातात घेतलेला पुतळा डोळ्यांसमोर येतो. महू आपल्याच मध्य प्रदेशात, त्यामुळे 14 एप्रिल 1891 ही जन्मतारीख इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण घराण्याचे मूळ गाव आंबडवे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले. त्या कोकणाशी जोडलेले त्यांचे एक काम आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

खोत म्हणजे कोण, हे ग्वाल्हेरच्या आजच्या पिढीला सांगावे लागेल. (आपल्यातल्या काही घरांत पूर्वी खोती होती, तरीही!) खोत हा मुळात गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा. पुढे हा हक्क वंशपरंपरेने चालला आणि खोत गावाचा मालक असल्यासारखा झाला. भात पिकवायचे कुळाने, आणि कित्येक ठिकाणी त्यातला निम्मा वाटा जायचा खोताच्या घरी. वर वेठबिगार. 1880 च्या खोती कायद्याने इंग्रज सरकारने या हक्कांवर शिक्कामोर्तब केले. ज्या लोकमान्यांमुळे आपण हा उत्सव सार्वजनिक रीतीने करतो, त्यांचे घराणेही चिखलगावच्या खोतांचे, आणि त्यांनी खोतांची बाजू घेतली होती. हे लपवण्यात अर्थ नाही.

बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला अर्थशास्त्राची डी.एस्सी. मिळवली आणि बॅरिस्टरही झाले. अर्थशास्त्र आणि कायदा एकाच माणसाने शिकला, याचा उपयोग खोतीत झाला असे मला वाटते. खोताची ताकद नांगरातून आली नव्हती, ती सरकारी कागदातून आली होती. मग ती काढायचीही कागदानेच.

1936 मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि पुढच्या वर्षी ते मुंबई विधानसभेत निवडून आले. 17 सप्टेंबर 1937 रोजी पुण्याच्या अधिवेशनात त्यांनी खोती रद्द करण्याचे बिल मांडले. खोती संपवावी, कसणाऱ्या कुळाला सरकारदरबारी थेट कब्जेदार म्हणून नोंदवावे, आणि खोताला वाजवी भरपाई द्यावी. ही भरपाईची तरतूद वाचून मी थोडा थांबलो. ज्यांच्याविरुद्ध लढायचे, त्यांचाही हिशेब त्यांनी मांडला होता.

10 जानेवारी 1938 ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर गेला. मताचा अधिकार तेव्हा शेतसारा, शिक्षण असल्या अटींवर मिळे. म्हणजे कायद्याखाली दबलेल्या अनेकांना कायदा करणारे निवडताच येत नव्हते. खेर मंत्रिमंडळाच्या काळात बिल काही मंजूर झाले नाही.

बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. 1947 मध्ये घटना समितीसाठी केलेल्या निवेदनात शेती आणि मूलभूत उद्योग सरकारी मालकीचे असावेत, आणि हे घटनेतच लिहावे, अशी त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. प्रौढ मतदानाचा हक्क मात्र घटनेने सर्वांना दिला.

खोती रद्द करणारा कायदा मुंबई राज्याने अखेर केला, तो 1950 चा सहावा कायदा. पण जमीनसुधारणेचे कायदे न्यायालयात अडकू लागले होते. बिहारचा कायदा पाटणा उच्च न्यायालयाने मार्च 1951 मध्ये रद्द ठरवला. तेव्हा जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली, नववे परिशिष्ट जोडले गेले आणि 13 कायद्यांना संरक्षण मिळाले. त्या यादीत सहाव्या क्रमांकावर मुंबईचा खोती निर्मूलन कायदा आहे. त्या वेळी देशाचे कायदामंत्री होते बाबासाहेब.

त्याच वर्षी सप्टेंबरअखेर हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, 2 ऑक्टोबरला, आपल्या मध्य भारतात जमीनदारी संपली. 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेब गेले. आपल्याकडच्या जुन्या खसऱ्यात जमीनदाराच्या नावाखाली असलेला शेतकरी पुढे पक्का कृषक झाला, आणि 1959 च्या भूराजस्व संहितेनंतर भूमिस्वामी.