खेचराचे कोडे उकलणारे डॉबझान्स्की

खेचर हे घोडीच्या पोटी गाढवापासून जन्मते. ओझे वाहण्यात ते आईबापांस हार जात नाही. परंतु त्यास संतती होत नाही. अंगी एवढे बळ असता ही वंध्यता कोठून यावी? असल्या जुन्या कोड्याच्या मुळाशी गेलेल्या थिओडोसिअस डॉबझान्स्की यांचा अल्प परिचय आम्ही आमच्या वाचकांस करून देत आहोत.

त्यांचा जन्म युक्रेनमधील नेमिरोव गावी २५ जानेवारी १९०० रोजी झाला. हा नवसाचा मुलगा. ज्या संतास आईबापांनी साकडे घातले, त्याचेच नाव त्यास मिळाले. फुलपाखरांमागे धावणाऱ्या या मुलास पुढे ठिपकेदार भुंगेऱ्यांचा नाद लागला व १८ व्या वर्षी त्याने त्यांवर पहिला निबंध प्रसिद्ध केला. १९२७ साली शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेत मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत गेले.

तेथे फळमाशीच्या दोन कुळांनी त्यांचे चित्त वेधून घेतले. घोडा व गाढव निदान ओळखू तरी येतात. या माश्या मात्र दिसावयास अगदी एकसारख्या! तरीही त्यांच्या संकरातून होणारे नर वंध्य निपजत. माद्यांस संतती होई. अशा माद्यांचा मूळ कुळाशी पुन्हा संकर करून, कोणत्या नराकडे कोणत्या कुळाची गुणसूत्रे आली हे त्यांनी चिकाटीने ताडून पाहिले. १९३६ साली त्यांनी निष्कर्ष मांडला, की दोष एकट्या कोणत्याही जनुकाचा नाही. तो दोन कुळांच्या जनुकांतील बेबनावाचा आहे. दोन उत्तम घड्याळांची चाके एकत्र बसवावीत, तसेच हे होय. एका वंशाचे दोन गट दुरावले, की प्रत्येकात निरनिराळी जनुके बदलतात. आपापल्या घरी ती सुखाने नांदतात. संकराच्या देही मात्र ती प्रथमच एकमेकांस भेटतात आणि तेथे बिनसते. बेटसन यांनी हे १९०९ सालीच सुचविले होते, पण त्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नव्हते. नव्या जाती कशा उद्भवतात याविषयीचा डॉबझान्स्की यांचा ग्रंथ १९३७ साली निघाला, तेव्हा कोठे हा विचार रुजला. त्या दोन कुळांपैकी एकास १९४४ साली स्वतंत्र जातीचे नाव मिळाले.

या यशाबरोबर आणखी एक गोष्ट आम्हांस आठवते. त्यांचे मित्र कार्पेचेन्को यांनी मुळा व कोबी यांचा संकर केला होता. त्या वंध्य रोपातील १८ गुणसूत्रांची दुपटीने ३६ झाली आणि त्यास सकस बी धरले! १९३१ साली हे दोघेही अमेरिकेत होते. कार्पेचेन्को मायदेशी परतले. डॉबझान्स्की परतले नाहीत. पुढे रशियात आनुवंशिकतेच्या अभ्यासकांवर राज्यकर्त्यांचा रोष ओढवला. १९४१ साली कार्पेचेन्को यांस अटक झाली आणि त्याच वर्षी गोळी घालण्यात आली.

डॉबझान्स्की १८ डिसेंबर १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे निवर्तले. १९२७ साली सोडलेली मायभूमी त्यांस पुन्हा दिसली नाही.