चालत्या इंजिनाला तेल पाजणारा माणूस: एलायजा मकॉय

डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचं लाल चित्र पेटलं की बहुतेक जण बॉनेट उघडून डिपस्टिक बघतात. लेव्हल बरोबर दिसली की सेन्सर गेला असेल असं म्हणून गाडी तशीच पुढे नेतात. इथेच इंजिन सीझ होण्याची सुरुवात होते. कारण बहुतेक गाड्यांमध्ये हा लाल दिवा तेल किती आहे ते सांगतच नाही. तेल दाबाने पुढे जातंय की नाही, एवढंच तो सांगतो.

तेल असणं आणि तेल पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक ज्याने आयुष्यभराचं काम केला त्या एलायजा मकॉयची ही गोष्ट. तो वाफेच्या इंजिनांचा माणूस होता, डिझेलचा नव्हे. पण त्याने सोडवलेला प्रश्न आजही आपल्या गाडीच्या चेंबरमध्ये तसाच आहे.

इंजिनिअर, पण हातात फावडं

मकॉयचा जन्म १८४४ सालचा, कॅनडातल्या ऑन्टारिओमधल्या कोल्चेस्टरचा. आईवडील अमेरिकेतल्या केंटकी राज्यात गुलाम होते. तिथून लपतछपत पळून ते कॅनडात आले होते. मुलाला यंत्रांची आवड आहे हे बघून त्यांनी त्याला १५ व्या वर्षी थेट स्कॉटलंडला, एडिनबरोला पाठवलं. तिथे तो मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून परतला. तोवर घरचे मिशिगनमधल्या इप्सिलांटीला राहायला गेले होते.

अमेरिकेत गुलामगिरी संपली होती, पण काळ्या माणसाला इंजिनिअरची खुर्ची द्यायला कोणी तयार नव्हतं. मिशिगन सेंट्रल रेलरोडमध्ये त्याला काम मिळालं ते फायरमनचं, म्हणजे भट्टीत इंधन टाकायचं आणि इंजिनाला तेल घालायचं.

मी स्वतः इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन नोकरीला लागलो, म्हणून ही गोष्ट मला जास्त टोचते. शिक्षण इंजिन डिझाइन करण्याचं आणि काम त्याच इंजिनापुढे फावडं चालवण्याचं. पण मकॉयने त्या कामातच प्रश्न शोधला.

प्रश्न नेमका काय होता?

वाफेच्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन पुढेमागे घासत असतो. तिथे तेल हवंच. पण वाफ चालू असताना आत प्रचंड दाब असतो. तेलाची वाटी उघडली तर तेल आत जाण्याऐवजी वाफच बाहेर येणार. म्हणून वाफ बंद असेल तेव्हाच, गाडी थांबल्यावर किंवा उतारावर, हाताने तेल घालावं लागे. म्हणजे बघा, इंजिन सर्वात जास्त कष्ट करतंय तेव्हाच त्याला तेल नाही.

याला उत्तर म्हणून २३ जुलै १८७२ ला मकॉयने पेटंट मिळवलं. कल्पना सोपी होती. सिलिंडरवर तेलाचं भांडं बसवायचं आणि त्याची झडप माणसाने नव्हे, तर इंजिनातल्या वाफेच्या दाबानेच हलवायची. म्हणजे इंजिन आपलं तेल आपणच ओढून घेणार आणि गाडी थांबवायची गरज उरणार नाही. आपोआप तेल देणारी साधनं त्याच्याआधीही निघाली होती, सगळ्यात पहिला तो नव्हे. पण त्याने एका पेटंटवर न थांबता पुढची चाळीसेक वर्षं तीच गोष्ट सुधारत नेली.

आजच्या डिझेल इंजिनात हेच काम ऑइल पंप करतो. क्रँकच्या जोरावरच तो फिरतो, चेंबरमधून जाळीतून तेल ओढतो, फिल्टरमधून क्रँकच्या बेअरिंगना, वर कॅमशाफ्टला आणि टर्बोला पाठवतो. टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, त्याला काही सेकंदही तेल नसलं तर बेअरिंग जातं.

दुसरा प्रश्न: वाटच बुजली तर?

पुढे रेल्वेत जास्त तापवलेल्या वाफेची इंजिनं आली. त्या उष्णतेत नुसतं तेल टिकेना. तेलात ग्रॅफाइटची भुकटी मिसळली तर घर्षण कमी होई, पण ती भुकटी खाली बसून तेलाची वाटच बंद करी. भांड्यात तेल भरपूर आणि सिलिंडर कोरडा! १९१५ साली, सत्तरी ओलांडल्यावर, मकॉयने ग्रॅफाइट न अडकता पुढे जाईल अशा लुब्रिकेटरचं पेटंट घेतलं.

डिझेलवाल्यांनी इथे कान टवकारावेत. डिझेल जळताना काजळी होते आणि ती तेलात मिसळते. म्हणून तर डिझेल गाडीचं नवं ऑइलही लवकर काळं पडतं. ऑइल वेळेवर बदललं नाही तर त्याचा चिकट गाळ होतो आणि तो पंपाच्या जाळीवर बसतो. मग डिपस्टिकवर लेव्हल फुल आणि वर बेअरिंग कोरडं.

दिवा लागला तर क्रम हा ठेवा

१. इंजिन लगेच बंद करा. गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका.

२. सपाट जागी काही मिनिटं थांबून डिपस्टिक बघा. लेव्हल कमी असेल तर गळती किंवा ऑइल जळणं शोधा. लेव्हल आधीपेक्षा वाढली असेल तर खूश होऊ नका, ऑइलमध्ये डिझेल उतरत असू शकतं. अशा पातळ ऑइलला दाब धरता येत नाही.

३. लेव्हल बरोबर असेल तर मेकॅनिकला सेन्सर काढून तिथे साधा प्रेशर गेज लावायला सांगा. गेजवर दाब ठीक आला तर दोष सेन्सरचा किंवा वायरिंगचा.

४. थंड इंजिनात दाब चांगला आणि गरम झाल्यावर पडत असेल, तर ऑइल पातळ झालंय किंवा बेअरिंग झिजलीत असा संशय घ्या. सुरुवातीपासूनच दाब नसेल तर जाळी, पंप आणि पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह बघा.

गेज न लावता नुसता सेन्सर बदलणं म्हणजे सर्व्हर बंद पडल्यावर अलर्टच बंद करण्यासारखं आहे.

नाव मिळालं, पैसा नाही

मकॉयच्या नावावर पन्नासहून जास्त पेटंट जमा झाली. बहुतेक वंगणाची, पण घडीची इस्त्रीची फळी आणि बागेत पाणी शिंपडायचा स्प्रिंकलरही त्यात आहे. मात्र स्वतः कारखाना काढायला भांडवल नव्हतं, त्यामुळे अनेक पेटंटचे हक्क त्याला दुसऱ्यांना द्यावे लागले. त्याच्या स्वतःच्या नावाची कंपनी डेट्रॉइटमध्ये उभी राहिली ती १९२० साली, तो ७६ वर्षांचा असताना.

अस्सल मालाला इंग्रजीत द रिअल मकॉय म्हणतात. नकली लुब्रिकेटर नको, मकॉयचाच द्या, असं रेल्वेवाले मागत आणि त्यातून तो शब्द आला, ही कथा इंटरनेटवर सगळीकडे सापडेल. पण तिला पक्का पुरावा नाही. रिअल मकाय हा त्याच्याशी मिळताजुळता स्कॉटिश वाक्प्रचार १८५६ मध्येच, म्हणजे मकॉयच्या पहिल्या पेटंटच्या सोळा वर्षं आधी, छापलेला मिळतो. मला विचाराल तर त्याला मोठं ठरवायला या कथेची गरजही नाही.

१९२२ साली तो आणि पत्नी मेरी मोटार अपघातात सापडले. मेरी गेली, आणि तोही त्यातून पुरता सावरला नाही. १० ऑक्टोबर १९२९ ला डेट्रॉइटजवळच्या एलॉइज इस्पितळात तो वारला. २०१२ साली अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने डेट्रॉइटमध्ये आपली शाखा उघडली, तिला त्याचं नाव दिलं.

ज्या झारीने तेल घालण्यातून त्याला इंजिनाची सुटका करायची होती, तिचंच चित्र आज प्रत्येक गाडीच्या डॅशबोर्डवर आहे. ते लाल दिसलं तर आधी किल्ली फिरवून इंजिन बंद करा. डिपस्टिक नंतर.