तक्रार आहे? वॉल्ट रांगेतच उभा आहे!

रात्री बारा वाजता येवल्याहून बस निघते. कॉलेजची सहल. पहाटे कुठेतरी घाटात चहा आणि दहाच्या ठोक्याला आपण थीम पार्कच्या गेटवर. आत गेल्यावर कळतं, की ज्या रोलर कोस्टरसाठी अख्ख्या वर्गाने महिनाभर पैसे साठवले, नेमका तोच दुरुस्तीसाठी बंद. विचारायचं कुणाला? गेटवरचा माणूस खिडकीकडे बोट दाखवतो, खिडकीवाला पाटीकडे. पाटीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की पैसे परत मिळणार नाहीत. मग परतीच्या बसमध्ये आपण मोबाइल काढतो, एक स्टार देतो, रागारागात दोन ओळी खरडतो. तीन आठवड्यांनी एक साचेबद्ध उत्तर येतं. त्यात आपलं नावही चुकलेलं असतं.

त्यापेक्षा जत्रा बरी. नवरात्रात कोटमगावच्या यात्रेत आपण पाळण्यात बसतो, तेव्हा पाळणेवाला खाली समोरच उभा असतो. काही बिनसलं तर त्याला तोंडावर सुनावता येतं आणि तोही दोन फेऱ्या जास्त देऊन मोकळा होतो. मालक आणि गिऱ्हाईक यांच्यात दोन हातांचं अंतर. आज ज्याची गोष्ट सांगायची आहे, त्याने हे दोन हातांचं अंतर जगातल्या सगळ्यात गाजलेल्या पार्कमध्ये टिकवायचा प्रयत्न केला. बऱ्यापैकी जमवलंही. एका ठिकाणी मात्र त्याला ते अजिबात जमलं नाही, आणि ते ठिकाण गाळून त्याची गोष्ट सांगणं म्हणजे निव्वळ जाहिरात होईल.

वॉल्टर इलायस डिस्ने. जन्म ५ डिसेंबर १९०१, शिकागो. आपल्याला डिस्ने म्हटलं की कंपनी आठवते, पण हे आधी एका माणसाचं आडनाव होतं. घर काही सुखवस्तू नव्हतं. वडील इलायस यांनी सुतारकाम केलं, शेती केली, पण बरकत अशी कशातच आली नाही. मिझुरी राज्यातल्या मार्सेलिन गावची शेती सोडून १९११ मध्ये कुटुंब कॅन्सस सिटीला आलं आणि वडिलांनी पेपरची लाइन घेतली. वॉल्ट आणि त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा भाऊ रॉय दिवस उजाडायच्या आत घरोघर पेपर टाकायचे. वडिलांचा नियम कडक होता. सायकलवरून पेपर भिरकावायचा नाही. पायऱ्या चढून बाहेरच्या दाराच्या आत नीट ठेवायचा. बर्फ गुडघ्यापर्यंत असला तरी. आणि या कामाचे पैसे? ते वडील त्याला देत नसत.

वॉल्टने ही लाइन सुमारे सहा वर्षं केली. पुढे जगभर नाव झाल्यावरही त्याला एक स्वप्न पडायचं, की आपण कुणाच्या तरी घरी पेपर टाकायचा विसरलोय आणि कोपऱ्यावर वडील वाट पाहत उभे आहेत. गिऱ्हाईक चुकल्याची ही धास्ती त्याला जन्मभर पुरली. मला विचाराल, तर डिस्नेलँडचा पाया मिकी माउसपेक्षाही या स्वप्नात जास्त आहे.

मधली वर्षं भराभर सांगतो. पहिलं महायुद्ध संपता संपता वयाच्या कागदावर खाडाखोड करून रेड क्रॉसमध्ये भरती, फ्रान्समध्ये ड्रायव्हर. परत येऊन कार्टूनचा स्टुडिओ काढला, १९२३ मध्ये दिवाळं निघालं. हॉलिवूडला जाऊन भावाबरोबर पुन्हा सुरुवात. १९२८ मध्ये त्याचं गाजलेलं ओस्वाल्ड नावाचं ससा-पात्र हातातून गेलं, कारण हक्क वितरकांकडे होते. त्याच वर्षी मिकी आला. डिसेंबर १९३७ मध्ये 'स्नो व्हाइट' आला आणि स्टुडिओ मालामाल झाला.

आता प्रेक्षकांची पत्रं यायला लागली. त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा असायचा: तुमचा स्टुडिओ बघायला येऊ का? वॉल्टची पंचाईत व्हायची. स्टुडिओत बघण्यासारखं होतं काय? टेबलांवर वाकून चित्रं काढणारी माणसं. लांबून आलेल्या पोरांना मिकी भेटणार कुठे? दुसरीकडे, शनिवार-रविवारी तो स्वतःच्या दोन मुलींना, डायान आणि शॅरनला, लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये न्यायचा. मुली गोल फिरणाऱ्या घोड्यांवर आणि हा बाकावर शेंगदाणे खात बसलेला. आईबापांनी नुसतं बसून राहायचं, हे त्याला खटकायला लागलं. १९४८ मध्ये त्याने स्टुडिओसमोरच्या जागेत एक छोटंसं पार्क करायचा बेत कागदावर मांडला.

पहिली तक्रार घरातूनच आली. बायको लिलियनचं म्हणणं होतं, की असली पार्कं घाणेरडी असतात, तिथले लोक उद्धट असतात, कशाला त्या भानगडीत पडायचं? वॉल्टने सांगितलं, की आपलं तसं नसेल, म्हणूनच तर करायचंय. रॉयला पैशांची काळजी होती. बँका हात आखडता घेत होत्या. वॉल्टने विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं, सुट्टीतलं घर विकलं. शेवटी एबीसी या टीव्ही कंपनीने पैसे घातले आणि बदल्यात दर आठवड्याला डिस्नेचा कार्यक्रम मिळवला. ॲनाहाइममधल्या संत्र्यांच्या बागा तोडून साधारण १६० एकरांत काम सुरू झालं. वर्षभरात उभं करायचं होतं. खर्च गेला १ कोटी ७० लाख डॉलरवर.

१७ जुलै १९५५. रविवार. टीव्हीवर थेट प्रक्षेपण, निवेदकांमध्ये पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगनसुद्धा. आमंत्रण निवडक लोकांना होतं, पण खोटी तिकिटं छापली गेली होती, कुणी तर कुंपणाला शिडी लावून पैसे घेऊन लोक आत सोडत होतं. सुमारे २८ हजार माणसं आत घुसली. ऊन असं, की रात्रीतून टाकलेलं डांबर मऊ पडलं आणि बायकांच्या उंच टाचा त्यात रुतायला लागल्या. खाणं संपलं. बोट माणसांच्या वजनाने वाकली. गॅसची गळती झाली म्हणून एक भाग बंद करावा लागला. आणि सगळ्यात मोठी बोंब: प्यायला पाणी नाही!

पाण्याची गोष्ट ऐका. प्लंबरांचा संप नुकताच मिटला होता आणि उद्घाटनाआधी पाण्याचे नळ आणि संडास यांपैकी एकच काम पुरं होणार होतं. वॉल्टने संडास निवडले. पाण्याऐवजी लोक कोला विकत घेऊन पितील, पण दुसऱ्या गोष्टीला पर्याय कुठला? हिशेब बरोबर होता. लोकांना मात्र वाटलं, की कोल्ड्रिंक खपवायला मुद्दाम नळ बंद ठेवलेत. पेपरांनी धुऊन काढलं. कंपनीतले जुने लोक त्या दिवसाला काळा रविवार म्हणायला लागले.

इथे वॉल्ट दडून बसला असता तर नवल नव्हतं. त्याने पत्रकारांना पुन्हा बोलावलं, की आता येऊन बघा. मेन स्ट्रीटवरच्या फायर स्टेशनच्या माडीवर त्याने स्वतःसाठी छोटं घर करून घेतलं होतं. तिथे मुक्काम करायचा आणि सकाळी खाली उतरून पार्कमध्ये हिंडायचा. साधे कपडे, डोक्याला हॅट, आणि सरळ रांगेत. मालक म्हणून पुढे घुसायचं नाही. रांगेत माणसं काय काय बोलतात ते कान देऊन ऐकायचं.

तक्रारी कसल्या असायच्या? सुरुवातीला आत शिरायला एक डॉलर आणि मग प्रत्येक राइडला वेगळे पैसे. दर दहा मिनिटांनी पाकीट काढायला लागतं म्हणून लोक कावायचे. ऑक्टोबर १९५५ मध्ये, म्हणजे तीनच महिन्यांत, कूपनांची वही आली: प्रवेश आणि आठ राइड मिळून मोठ्यांना अडीच डॉलर. कुठे लोक फुलांच्या वाफ्यातून आडवे जायचे. कर्मचारी कुंपण घालू म्हणाले, तर वॉल्टचं म्हणणं पडलं, की माणसांना तिथून जायचंय, तर तिथेच रस्ता करा. गोल पाळण्यातले सगळेच घोडे उड्या मारणारे हवेत, असा त्याचा हट्ट होता, कारण प्रत्येक पोराला तसलाच हवा असतो. (आपल्याकडे जत्रेत त्या एका घोड्यावरून भावंडांत किती मारामाऱ्या झाल्या आहेत, आठवून बघा.)

जंगल क्रूझ ही नदीतली बोटीची सफर. एकदा तो त्या बोटीत बसला आणि नावाड्याने ठरलेल्या वेळेपेक्षा बरीच लवकर फेरी आटोपली. वॉल्टने नावाड्याला काही म्हटलं नाही. वरच्या माणसाला गाठून सुनावलं, की पैसे देऊन आलेल्या माणसाला अर्धवट सिनेमा दाखवल्यासारखं झालं हे. मग कित्येक दिवस नावाड्यांचा सराव चालला, घड्याळ लावून. काही वर्षांनी त्याच सफरीपाशी एक आई पोराला ओढत पुढे नेताना दिसली. हे आपण मागच्या वेळी पाहिलंय, असं ती त्याला सांगत होती. ही खरं तर तक्रारही नव्हती. वॉल्टने ती तक्रारच धरली. १९६२ मध्ये तिथे आंघोळ करणाऱ्या हत्तींचा नवा देखावा आला.

थोरामोठ्यांची वर्दळही असायचीच. नोव्हेंबर १९६१ मध्ये पंडित नेहरू गेले, तेव्हा वॉल्टने स्वतः त्यांना फिरवलं. त्याआधी सप्टेंबर १९५९ मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना सुरक्षेच्या कारणावरून डिस्नेलँडला जाऊ दिलं नाही, तर भर जेवणात त्यांनी त्रागा केला: तिथे काय रॉकेट ठेवलीत की कॉलऱ्याची साथ आहे? डिस्नेलँडची सगळ्यात गाजलेली तक्रार बहुधा हीच, आणि ती आत पाऊल न ठेवलेल्या माणसाची. यात वॉल्टचा दोष नव्हता. तो तर आपल्या नव्या पाणबुड्या त्यांना दाखवायला उत्सुक होता.

आता ते दुसरं ठिकाण. त्यासाठी १९४१ मध्ये मागे जायला हवं.

'स्नो व्हाइट'साठी चित्रकार रात्र रात्र राबले होते. अनेकांना बोनसची आशा होती. पुढे युद्धामुळे युरोपचा बाजार बंद झाला, 'पिनोकिओ' आणि 'फँटेशिया' तोट्यात गेले, कपातीची कुजबुज सुरू झाली. काही वरिष्ठांना आठवड्याला शेकडो डॉलर आणि शाई-रंग भरणाऱ्या मुलींना त्याच्या कितीतरी पट कमी. लोक युनियनकडे वळले. आर्ट बॅबिट हा त्यांतला पुढारी. 'स्नो व्हाइट'मधली दुष्ट राणी त्याच्याच हातची, गुफीला आकार देणाराही तोच. वॉल्टने त्याला कामावरून काढलं आणि २९ मे १९४१ ला संप सुरू झाला. स्टुडिओच्या गेटवर त्याचेच कलाकार त्याच्याच कार्टूनची चित्रं रंगवलेल्या पाट्या घेऊन उभे राहिले. बॅबिट आणि वॉल्ट हातघाईवर यायचेच बाकी होते.

रांगेत उभं राहून अनोळखी बाईचं वाक्य मनावर घेणारा हाच माणूस. इथे मात्र त्याने तक्रार ऐकली नाही, दगा ऐकला. तो सरकारी विनंतीवरून दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर निघून गेला आणि त्याच्या पाठीमागे युनियनच्या बाजूने तडजोड झाली. १९४७ मध्ये संसदेच्या समितीपुढे त्याने त्या संपाचं खापर कम्युनिस्टांवर फोडलं. बॅबिट कायद्याने भांडून परत आला, पण जुने दिवस परत आले नाहीत. थोड्याच काळात तो सोडून गेला.

असं का व्हावं? पेपरच्या लाइनवर वाढलेल्या पोराला गिऱ्हाइकाचं दार पाठ होतं. पेपर टाकणाऱ्या पोराच्या मजुरीचा प्रश्न त्या घरात कधी कुणी काढलाच नव्हता. हा माझा अंदाज आहे, तुम्ही खोडून काढू शकता. पण पैठणीच्या गावात राहणाऱ्यांना हे फार परकं वाटू नये. गिऱ्हाईक आलं की गादीवर बसवून चहा येतो, पन्नास साड्या उलगडल्या जातात, पदराच्या एका धाग्याचीही तक्रार ऐकून घेतली जाते. मागावर बसणाऱ्याला मजुरीबद्दल काही म्हणायचं असेल, तर त्याला ती गादी मिळते का?

डिस्नेलँडमध्ये कर्मचाऱ्यांच्या छातीवर पहिल्या नावाची पट्टी असायची आणि मालकालाही सगळ्यांनी नुसतं वॉल्ट म्हणायचं, असा शिरस्ता होता. लोकांना तो आवडायचा. तरी १९४१ ची जखम दोन्ही बाजूंना भरली नव्हती.

शेवटची काही वर्षं त्याला एक तक्रार सतावत होती, आणि ती त्याची स्वतःची होती. डिस्नेलँडच्या भोवती मोटेल आणि दुकानांची बजबजपुरी माजली होती आणि ती जमीन त्याच्या हातात नव्हती. म्हणून फ्लोरिडात गुपचूप सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली गेली. नोव्हेंबर १९६५ मध्ये घोषणा झाली. पुढच्याच वर्षी फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. स्टुडिओसमोरच्याच हॉस्पिटलात, शेवटच्या रात्री तो छताच्या चौकोनी तुकड्यांवर बोट फिरवत रॉयला फ्लोरिडाचा नकाशा समजावून सांगत होता, अशी आठवण आहे. १५ डिसेंबर १९६६ ला तो गेला. वय ६५.

निवृत्तीला आलेल्या रॉयने काम हातात घेतलं आणि पार्कच्या नावात भावाचं पूर्ण नाव घातलं, वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. उद्घाटन १ ऑक्टोबर १९७१ ला झालं. तारीख मुद्दाम कमी गर्दीच्या महिन्यातली धरली होती. पहिल्या दिवशी साधारण दहा हजार माणसं आली, आणि प्यायचे नळ चालू होते.